नांदुरकीची मालकीण

“बस की खुर्चीवर,” तात्यासाहेब म्हणाले.

मी मागं वळून बघितलं. म्हटलं, माझ्या पाठीमागून कुणी पाहुणा आला असेल. मागं कुणीच नव्हतं. अंगणात एक कोंबडी तेवढी माती उकरत होती, आणि तात्यासाहेब देशमुख काही कोंबडीला खुर्ची देणारे नव्हते.

“तुलाच म्हणायलोय, धुरपता.”

“हात शेणाचे हायेत, मालक.”

“मग धू, आणि बस.”

देवराव कारभारी शेजारी उभे होते. त्यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं. देशमुखांच्या नव्या बंगल्याच्या पायऱ्यांपर्यंत माझी हद्द. लग्न होऊन या गावात आल्यापासून मी त्यांचा गोठा झाडत होते, पण पायऱ्यांच्या वर पाऊल टाकलं नव्हतं. माझा नवरा लिंबाजी त्यांच्याकडं सालगडी होता. त्याची सगळी हयात त्यांच्या रानात गेली आणि दोन वर्षांमागं तापानं तोही गेला. त्यानंही कधी ती गुळगुळीत फरशी पायाखाली घेतली नव्हती. मी हात धुतले, पाय धुतले, पुन्हा एकदा धुतले, आणि खुर्चीच्या अगदी कडेला टेकले. जोरात शिंक आली असती तर खालीच पडले असते.

“नांदुरकीचं रान हाय ना,” तात्यासाहेब म्हणाले, “ते तुझ्या नावावर हाय.”

मला हसूच फुटलं. दाबायला गेले तर आणखी जोरात फुटलं. नांदुरकीचं रान म्हणजे नदीच्या अंगचा बारा एकरांचा काळाभोर तुकडा. मधोमध नांदुरकीचं मोठं झाड, म्हणून ते नाव. तिथली माती अशी, की पावसाळ्यात चप्पल घालून गेलेला माणूस अनवाणी परत यायचा. गावच्या शिवारात तसं दुसरं रान नव्हतं. आणि ते म्हणे माझं!

“हसू नको,” कारभारी म्हणाले. “शिलिंगचा साहेब येणार हाय.”

मग मला सगळं समजावून सांगितलं. सरकारनं शिलिंगचा कायदा केला होता, एका घराला इतकीच जमीन, वरची सरकार काढून घेणार आणि ज्यांना जमीन नाही त्यांना वाटणार. आमच्या गावात हिशोब सोपा होता. जमीन म्हणाल तर देशमुखांची, आणि जमीन नसलेले म्हणाल तर आमच्या वाड्यातले. गाव त्याला म्हारवाडा म्हणायचं. आम्ही तोवर बौद्धवाडा म्हणायला लागलो होतो, पण गावाच्या जिभेला ते अजून बसलं नव्हतं. तर तात्यासाहेबांनी कायदा कडक व्हायच्या कितीतरी आधीच जमीन वाटून टाकली होती. पुतण्याच्या नावावर, मेहुण्याच्या नावावर, न्हाव्याच्या, पाणक्याच्या, आणि लोक म्हणायचे की मेलेल्या एका चुलतीच्याही नावावर. त्यातलंच एक नाव माझ्या नवऱ्याचं. तो गेल्यावर त्याच्या जागी माझं लागलं. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. देवाला तरी कुठं सांगतात, त्याच्या नावची जमीन कोण खातं ते!

एरवी साहेब आले असते, कोंबडी खाऊन गेले असते. पण ते आणीबाणीचं साल होतं. साहेब लोकांची भूक मेली होती. नावं खरी की खोटी, ते गावोगाव जाऊन माणसं समोर उभी करून विचारत होते.

“तू एवढंच म्हणायचं,” तात्यासाहेब म्हणाले, “रान माझं हाय. मीच पेरते, मीच काढते. साहेब गेला की सगळं पहिल्यासारखं. तुला लुगडं घेईन.”

“म्हंजी खोटं बोलायचं, मालक?”

“खोटं कसं? कागदावर खरंच हाय की.”

“मग साहेब गेल्यावर?”

“मग कागदावरच राहील,” ते म्हणाले, आणि कारभाऱ्यांकडं बघून हसले.

दुसऱ्या दिवसापासून माझी शिकवणी सुरू झाली. गोठा झाडून झाला की बंगल्यात जायचं आणि मालकीण व्हायचं. कारभारी साहेब व्हायचे. डोक्याला टॉवेल गुंडाळून, गंभीर तोंड करून समोर बसायचे.

“बाई, नाव काय?”

“धुरपता लिंबाजी ढगे.”

“नांदुरकीचं रान कुणाचं?”

“माझं.”

“शाबास. आणि हे कोण?” त्यांनी तात्यासाहेबांकडं बोट केलं.

“मालक.”

“अगं, मालक तू!”

“मग हे?”

“हे शेजारी. शेजारचे शेतकरी.”

मी तात्यासाहेबांकडं बघितलं. पांढरंशुभ्र धोतर, पोटावर घड्याळाची साखळी, पाठीमागं सोळा बैलांचा गोठा. हे माझे शेजारी! माझ्या झोपडीच्या एका अंगाला गयाबाई आणि दुसऱ्या अंगाला उकिरडा. त्यात हे कुठं बसवू?

“म्हण, शेजारी.”

“शेजारी... मालक.”

कारभाऱ्यांनी कपाळाला हात लावला. पुन्हा पहिल्यापासून. हे कोण? मालक. हे कोण? मालक. जीभच वळेना. शेवटी तात्यासाहेबच वैतागले. म्हणाले, “धुरपता, गायीला गाय म्हणतेस का नाही? तसं मला शेजारी म्हण.” मी म्हणाले, “गाय रागावत नाही, मालक.” आत पडद्यामागं बांगड्या वाजल्या. त्यांच्या बायको, आक्कासाहेब, हसत होत्या.

आक्कासाहेबांचं दुःख वेगळंच होतं. त्यांना मला चहा पाजायचा होता. साहेबासमोर चहा आला आणि मी तो गोठ्याच्या कोनाड्यात आमच्यासाठी ठेवलेल्या फुटक्या कपातून प्यायले, तर नाटक तिथंच बुडणार. म्हणून त्यांनी कपाटातली कपबशी काढली, निळ्या फुलांची. माझ्या हातात देताना त्यांनी डोळे मिटून घेतले. जणू आपल्या हातानं लेक नदीत सोडत होत्या.

“बशीत ओतून पिऊ का कपातूनच?” मी विचारलं.

“कशातूनही पी, पण आवाज करू नको.”

मला तर आवाजाशिवाय चहा पिताच येत नव्हता. त्याचीही तालीम झाली. मग त्यांचं एक जुनं हिरवं लुगडं मला मिळालं, साहेब जाईपर्यंत नेसायला. चपला मिळाल्या. चपला घालून देशमुखांच्या दारावरून चालायचं कसं, ते कारभाऱ्यांनी स्वतः चालून दाखवलं. आमची माणसं त्या दारावरून जाताना चपला हातात घ्यायची. माझी पावलं दार आलं की आपोआप थबकायची, हात चपलेकडं जायचा. कारभारी ओरडायचे, “चाल! ताठ चाल! मालकीण हायेस!” गावातली माणसं पारावर बसून ही गंमत बघायची. अशी करमणूक त्यांना जत्रेतही मिळाली नव्हती.

पण खरी धमाल बैलांनी केली. बारा एकरांची मालकीण आणि दारात शेळीसुद्धा नाही, हे साहेबाला कसं पटणार? म्हणून तात्यासाहेबांनी एक बैलजोडी माझ्या झोपडीपुढं बांधायला पाठवली. पांढरे, उंच, शिंगांना पितळी टोपणं. आमच्या अख्ख्या वाड्यात तसे बैल कधी बांधले गेले नव्हते. माझी सासू भागाई तर त्यांच्यापुढून हलेचना. तिचे दात गेले होते, पाठ वाकली होती, पण जीभ शाबूत होती. तिनं बैलांच्या कपाळाला कुंकू लावलं, दृष्ट काढली, आणि ज्याला त्याला सांगायला लागली, “आमचे हायेत. हात लावू नका, मारकुटे हायेत.”

“आत्या, साहेब गेला की परत न्यायचे हायेत ते.”

“मग चारा कुणाचा?”

“आपला.”

“आणि शेण?”

“ते आपल्याला राहील.”

“मग बरं हाय,” ती म्हणाली. जरा वेळानं माझ्याजवळ सरकली. “धुरपे, साहेबाला खरं सांगितलं तर गं?”

हे मीही मनात घोळवलं होतं. खरं सांगितलं, की साहेब, हे सगळं नाटक आहे, तर रान सरकारजमा. सरकार ते कुणाला देईल, कधी देईल, देईल का, कुणी सांगावं? आणि तात्यासाहेब आम्हाला गावात राहू देणार नाहीत, हे मात्र नक्की. खोटं बोललं तर रान त्यांचं, लुगडं माझं. मी लुगड्याकडं बघितलं. चांगलं होतं. मी म्हणाले, “आत्या, आपल्याला काय करायचंय? लुगडं मिळतंय, ते घ्यावं.”

खरंच, तोपर्यंत माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. पुढं लोकांनी नाना गोष्टी उठवल्या. कुणी म्हणालं, मला पुढाऱ्यांनी शिकवलं. कुणी म्हणालं, साहेबच फितूर होता. तसलं काही नव्हतं. मी लुगड्यासाठी गेले होते.

साहेब आले ते जीपमधून, स्वतःचा डबा घेऊन. चावडीत बसले. वाळक्या अंगाचे, चष्मेवाले, कमी बोलणारे. तात्यासाहेबांनी चहा मागवला. साहेब म्हणाले, “मी घेत नाही, यांना द्या.” म्हणजे मला. सगळ्या गावासमोर मी निळ्या फुलांच्या कपातून चहा प्यायले. आवाज झाला नाही. कारभाऱ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, त्याचाच काय तो आवाज झाला.

“नांदुरकीचं रान कुणाचं?” साहेबांनी विचारलं.

“माझं.”

“कोण कसतं?”

“मीच. बैल दारात हायेत.”

“चतुःसीमा सांगता येईल?”

“व्हय. उगवतीला तात्यासाहेब, मावळतीला तात्यासाहेब, वरच्या अंगाला तात्यासाहेब, खालच्या अंगाला नदी. नदी तेवढी अजून त्यांची न्हाई.”

हे काही शिकवलेलं नव्हतं, तोंडातून निसटलं. चावडीतली माणसं हसली. साहेबांचा चष्मा हलला, पण ते हसले की नाही ते कळलं नाही. त्यांनी माझ्याकडं जरा निरखून बघितलं, मग तात्यासाहेबांकडं वळले.

“देशमुख, तुमच्या सालगड्याकडं एवढं चांगलं रान आलं कसं?”

आता तात्यासाहेब रंगात आले. त्यांना वाटलं, नाव पास झालं, आता थोडा मोठेपणा घ्यायला हरकत नाही. दोन्ही हात मांड्यांवर ठेवून म्हणाले, “साहेब, माणुसकी म्हणून काही असतं का नाही? लिंबाजी म्हणजे माझा उजवा हात. आमच्या थोरल्या लेकीचं, ताईचं लग्न झालं त्या साली त्यानं मांडवात रात्रंदिवस राबून दाखवलं. मी खूश झालो. म्हणालो, जा लेका, नांदुरकीचं रान तुझं. त्या सालापासून ते त्याचं. आम्ही ढुंकून बघितलं न्हाई.”

माणसांनी माना डोलावल्या. माझ्या कानात मात्र ‘ताईचं लग्न झालं त्या साली’ एवढंच अडकून बसलं. ताईसाहेबांचं लग्न मला चांगलं आठवत होतं. उष्ट्या पत्रावळी मीच उचलल्या होत्या, आणि तेव्हा माझ्या पोटात माझी चंद्री होती.

“बाई, खरं आहे का हे?” साहेब विचारत होते.

कारभारी मला डोळ्यांनी खुणावत होते, मान हलव म्हणून.

“व्हय,” मी म्हणाले. “त्याच साली दिलं म्हणतात, तर खरंच असंल. तात्यासाहेब देशमुख गावासमोर खोटं कशाला बोलतील?” जीभ आता कशी चुरूचुरू वळत होती. “पर साहेब, एक विचारू? ते शेजारी हायेत. चौफेर त्यांचंच रान. माझा माणूस गेलाय, मी एकटी बाई. उद्या त्यांच्या माणसांनी चुकून माझं पीक कापून नेलं तर?”

कारभाऱ्यांचं खुणावणं थांबलं.

“बरोबर आहे,” साहेब म्हणाले. “देशमुख, तुमचा या जमिनीवर हक्क?”

“काडीचा न्हाई.”

“उभ्या पिकावर?”

“न्हाई की. तिचंच हाय ते.”

“मग पंचांसमक्ष तसं लिहून देऊन टाका.”

कारभाऱ्यांना खोकल्याची उबळ आली. तात्यासाहेबांनी त्यांच्याकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं. लिहून दिलं नाही तर नाव खोटं, आणि एक नाव खोटं ठरलं की बाकीचीही उकरली जाणार. त्यांनी सही केली. मी खाली अंगठा उमटवला, चांगला दाबून.

साहेब उठले. जीपमध्ये बसता बसता मला म्हणाले, “बाई, शाळू काढणीला आलाय. पाखरं खातील. उशीर करू नका.” ते सहज बोलले की मुद्दाम, मला आजवर उमगलेलं नाही.

दिवस मावळायच्या आत कारभारी बैल न्यायला आले. मी बैल दिले. चपला दिल्या. हिरवं लुगडं घडी करून दिलं.

“असू दे की, मालकांनी तुला बक्षीस दिलंय ते.”

“नको,” मी म्हणाले. “शेजाऱ्याचं कशाला ठेवायचं?”

ते हसले. त्यांना वाटलं, माझी तालीम अजून उतरली नाही.

ते गेले आणि मी घरोघर गेले. आमच्या वाड्यातल्या बायाच देशमुखांच्या काढणीला जायच्या. मी म्हणाले, उद्या माझ्याकडं या. ते देतात त्याच्या दुप्पट पेंढ्या देईन. कुणी दार लावून घेतलं. गयाबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, “हातपाय मोडतील तुझे.” मी म्हणाले, “मोडतील. पर त्यांनी सही केलीय.” “सहीनं हाड जुळतंय का गं?” तिनं विचारलं. तिचं खरं होतं. मी घरी आले, विळ्याला धार लावली.

सकाळी मी आणि सासू दोघीच निघालो. तिनं हातात काठी घेतली होती, चालायलाच, पण त्या दिवशी ती काठी जरा उगारून धरल्यासारखी दिसत होती. रान असं पिकलं होतं, की वारा आला की कणसं एकमेकांवर डोकी टेकवायची. मी पहिली ओळ धरली. थोड्या वेळानं मागं सळसळ ऐकू आली. वळून बघते तर गयाबाई. तिच्यामागं आणखी दोघी. मग वाडाच्या वाडा. “दुप्पट म्हणालीस ना?” गयाबाई म्हणाली. “न्हाई दिलीस तर मीच तुझे हातपाय मोडते.”

तिकडं देशमुखांची गाडी काढणीसाठी बाया न्यायला वाड्यात गेली, तर वाडा रिकामा. बाया कुठं? नांदुरकीला. कुणाच्या हुकमानं? धुरपताच्या. ही बातमी ऐकताना तात्यासाहेबांचं तोंड कसं झालं असेल ते बघायला मिळालं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

दुपारच्या आत त्यांची जीप आली. ते उतरले आणि उभ्या शाळूतून सरळ माझ्याकडं चालत आले, पिकाची ताटं मोडत. मागून कारभारी, मागून दोन गडी.

“काय चाललंय हे?”

मी कंबर ताठ केली. हातात विळा होता. “या, तात्यासाहेब. शेजारी आलेत, आत्या, पाणी द्या.”

“थोबाड फोडीन! नाटक संपलंय. विळा ठेव.”

“कोणतं नाटक? चावडीत तुम्हीच सांगितलंत की.”

“तुरुंगात टाकीन तुला. चोरीच्या गुन्ह्यात.”

“टाका. पर फौजदारानं विचारलं, चोरी कुणाच्या रानात झाली, तर काय सांगाल?”

ते गड्यांकडं वळले. गडी पायांकडं बघत होते. त्यातल्या एकाची बायको दहा पावलांवर पेंढ्या बांधत होती, आणि तिच्या हातातही विळा होता. कारभारी पुढं झाले, मालकांच्या कानाशी लागले. पण त्यांची कुजबुज साऱ्या रानाला ऐकू जाणारी. “साहेब अजून शेलगावच्या डाकबंगल्यात मुक्कामाला हाय, मालक. न्हाव्याचं, पाणक्याचं, चुलतीबाईचं... सगळंच व्हायचंय अजून.”

तात्यासाहेब जरा मऊ झाले. आवाज बदलला. “धुरपता, तुला काही कमी पडू दिलं का मी? लिंबाजी माझा माणूस होता.”

मी विळ्याचं टोक नांदुरकीच्या झाडाकडं केलं.

“मालक,” मी म्हणाले. सवयीनं मालकच आलं तोंडात. “ताईसाहेबांचं लग्न उन्हाळ्यात झालं. रान तवाच लिंबाजीला दिलं म्हणालात. त्याच थंडीत माझी चंद्री झाली. मला ओल्या बाळंतिणीला भूक लागायची, घरात दाणा नव्हता. लिंबाजीनं ह्याच रानातली चार कणसं धोतराच्या सोग्यात बांधून आणली. तुम्ही त्याला धरलं. त्या नांदुरकीला दिवसभर बांधून ठेवलं, उघड्या अंगानं. मरेपर्यंत गाव त्याला कणीसचोर म्हणत होतं. तुमच्याच गोठ्यात, तुमच्याच समोर.”

बायांचे विळे थांबले होते.

“त्या दिवशी रान कुणाचं होतं, मालक?”

तात्यासाहेबांनी झाडाकडं बघितलं. मग ते वळले. येताना पिकातून आले होते; जाताना मात्र धोतर सावरून बांधावरून गेले. कारभाऱ्यांच्या पायाखाली एक ताट आलं, तर ते चपापून बाजूला झाले.

पुढचं सोपं गेलं नाही. त्या वर्षी आमच्या वाड्याला गावात कुणी काम दिलं नाही. गिरणीवाल्यानं दळण बंद केलं. आम्ही जात्यावर दळलं. एका रात्री कडब्याची गंजी पेटवली कुणीतरी. पण खायला नांदुरकीचा शाळू होता, आणि तो वाड्यात सगळ्यांनी मिळून खाल्ला. तात्यासाहेबांनी त्या उन्हाळ्यात न्हाव्याच्या आणि पाणक्याच्या घरी इतक्या फेऱ्या मारल्या, इतकं गोड बोलले, की पाणक्याला संशय आला आणि तो तालुक्याला जाऊन आपली चतुःसीमा विचारून आला. माझं रान माझ्याकडंच राहिलं. चंद्रीच्या लग्नाचा मांडव त्याच्याच पिकावर पडला.

पण मला सांगायचंय ते त्या काढणीच्या शेवटच्या दिवसाचं.

पेंढ्या खळ्यावर गेल्या होत्या. रान मोकळं झालं होतं. मी बघते तर सासू कुठं दिसेना. शोधत गेले, तर ती नदीकडच्या कोपऱ्यात वाकून गळालेली कणसं वेचत होती. जन्मभर तिनं हेच केलं होतं. दुसऱ्याचं रान निघालं, की मागं राहिलेला सर्वा वेचायचा, आणि तोही मालकाची नजर चुकवून.

“आत्या, आपलंच रान हाय. सर्वा कशाला वेचायलाव?”

“आपलं हाय म्हणून काय मातीत टाकायचं?” ती म्हणाली आणि वेचत राहिली.

तेवढ्यात गाडीवाटेला देशमुखांच्या जीपचा आवाज आला. सासूनं झटकन ओच्यातली कणसं पोटाशी दाबली, वरून पदर ओढला आणि बांधाआड खाली बसली. जीप आली आणि धुरळा उडवत निघून गेली. ती तशीच बसून होती.

मग तिचं तिलाच कळलं असावं. ती काठीवर भार देऊन उठली. ओच्यातली सगळी कणसं काढली, एका फडक्यात बांधली, आणि ते गाठोडं दोन्ही हातांनी डोक्यावर ठेवलं. अर्धी कणसं बाहेर डोकावत होती.

आमच्या वाड्याची वाट डावीकडून होती, जवळची. ती उजवीकडं वळली.

“आत्या, तिकडून कुठं? लांब पडतंय.”

“माहिताय,” ती म्हणाली, आणि गावाच्या मधल्या रस्त्यानं, पारावरून, देशमुखांच्या दारावरून, डोक्यावर कणसं घेऊन हळूहळू चालत घरी गेली.